कॅमेऱ्याचे घड्याळ आणि कापसाचे पंचांग

२१ जानेवारी २००० रोजी अझीझ मिर्झा दिग्दर्शित ‘फिर भी दिल है हिंदुस्तानी’ प्रदर्शित झाला, तेव्हा प्रेक्षकांनी त्याच्याकडे एक हलकीफुलकी प्रेमकथा म्हणूनच पाहिले. ‘राजू बन गया जेंटलमन’ आणि ‘येस बॉस’मधील शाहरुख खान-जुही चावला ही लाडकी जोडी, जतीन-ललित यांचे संगीत, आणि एकमेकींच्या जिवावर उठलेल्या दोन वृत्तवाहिन्यांच्या बातमीदारांचे भांडता भांडता जुळणारे प्रेम, असा सारा मामला होता. आठवडाभर आधी आलेल्या ‘कहो ना... प्यार है’ची लाट देशभर उसळली होती. तिच्यापुढे हा चित्रपट तिकीटबारीवर फारसा टिकला नाही आणि तेथेच त्याची चर्चा संपली.

मात्र त्याच्या उत्तरार्धात जे घडते, ते पंचवीस वर्षांनंतर निव्वळ विनोद म्हणून पाहणे कठीण जाते. मुलीवर झालेल्या अत्याचाराचा सूड म्हणून एका बड्या असामीचा खून केलेल्या सामान्य माणसाला फाशी होणार असते. परेश रावल यांनी रंगवलेल्या या माणसाची फाशी जाहीरपणे द्यावी, ती दूरचित्रवाणीवर थेट दाखवावी आणि त्यासाठी प्रायोजक मिळवावेत, असा घाट सत्ताधारी आणि वाहिन्यांचे चालक मिळून घालतात. अखेरीस नायक-नायिकेची सदसद्विवेकबुद्धी जागी होते, लोक रस्त्यावर येतात आणि माणूस वाचतो.

या चित्रपटाने प्रश्न अचूक विचारला होता. एखाद्याचे मरण विकाऊ झाले, तर ते थांबवणार कोण? उत्तर मात्र त्याने दोन प्रेमिकांच्या हृदयपरिवर्तनात शोधले. हिंदी चित्रपटाच्या रीतीला ते धरूनच होते. प्रत्यक्षात ते उत्तर पुरले का, याचा ताळा पाहायचा तर मुंबई-दिल्लीच्या स्टुडिओंपेक्षा यवतमाळ जिल्ह्याकडे पाहावे लागते. गेल्या दोन दशकांत मरणाच्या निमित्ताने कॅमेरे इतक्या वेळा आले आणि परत गेले, असे जिल्हे देशात फार नाहीत.

दूरदर्शनच्या शाळेतला विनोद

हा विनोद बाहेरच्या कुणी टीकाकाराने केलेला नव्हता, हे प्रथम ध्यानात घ्यायला हवे. अझीझ मिर्झा हे दूरदर्शनच्या पडद्यावर घडलेले दिग्दर्शक. ‘नुक्कड’ आणि ‘सर्कस’ या मालिकांशी त्यांचे नाव जोडलेले आहे. शाहरुख खानही ‘फौजी’ आणि ‘सर्कस’मधूनच घराघरांत पोहोचला. म्हणजे छोट्या पडद्याने ज्यांना मोठे केले, त्यांनीच त्या पडद्याकडे तिरकस नजरेने पाहिले होते.

तो काळही मोठा बोलका होता. २४ तासांची वृत्तवाहिनी ही कल्पना भारतात नुकती कोठे रुजू लागली होती. १९९९ च्या उन्हाळ्यात कारगिलचे युद्ध दिवाणखान्यात पोहोचले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात इंडियन एअरलाइन्सच्या विमानाचे अपहरण झाले. कंदाहारच्या धावपट्टीवर उभे असलेले विमान आणि दिल्लीत आक्रोश करणारे प्रवाशांचे नातेवाईक देशाने आठ दिवस पाहिले. सरकारच्या निर्णयावर त्या दृश्यांचे दडपण आले, हे तेव्हाही उघडपणे बोलले गेले. यानंतर तीनच आठवड्यांनी हा चित्रपट आला. त्याच वर्षी ३ जुलै रोजी ‘कौन बनेगा करोडपती’ आणि ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ एकाच दिवशी सुरू झाले आणि ३१ डिसेंबरला ‘आज तक’ने २४ तासांचा संसार थाटला.

प्रश्नमंजूषा, मालिका आणि बातमी यांच्यातील भिंती पुढे पातळ होत जाणार, हे मिर्झांच्या विनोदाने आधीच ओळखले होते. प्रश्नमंजूषेत घड्याळ टिकटिकते, मालिकेत उद्याच्या भागाची ओढ लावली जाते. बातमीलाही असेच घड्याळ मिळाले तर प्रेक्षक हलणार नाही आणि जाहिरातदारही नाही. चित्रपटातील फाशीला दिवस ठरलेला आहे, वेळ ठरलेली आहे, शेवट ठरलेला आहे. दूरचित्रवाणीला हवे असते ते नेमके एवढेच. निव्वळ दुःख तिला पुरत नाही. त्या दुःखाला मुदत असावी लागते.

जुलै २००६

या घड्याळाचा पहिला मोठा प्रयोग देशाने २००६ च्या जुलैमध्ये पाहिला. हरियाणातील कुरुक्षेत्र जिल्ह्यात प्रिन्स नावाचा पाच वर्षांचा मुलगा कूपनलिकेच्या खड्ड्यात पडला. सैन्याच्या जवानांनी सुमारे ५० तासांनी, २३ जुलैला, त्याला सुखरूप बाहेर काढले. तोवर हिंदी वाहिन्यांनी इतर बहुतेक बातम्या बाजूला सारल्या होत्या. खड्ड्यात कॅमेरा सोडला गेला, देशभर प्रार्थना झाल्या, नेते घटनास्थळी धावले. मूल वाचले ही आनंदाचीच गोष्ट होती. पण वृत्तवाहिन्यांच्या व्यवसायाने त्यातून जो धडा घेतला, तो त्या मुलाबद्दलचा नव्हता. एकाच ठिकाणी, एकच कॅमेरा रोखून, कमी खर्चात दोन दिवस अख्खा देश खिळवून ठेवता येतो, असा तो धडा होता.

त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला विदर्भात दुसरी एक घटना घडली होती. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी ग्रासलेल्या भागाचा दौरा करून पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी यवतमाळ, अमरावती, अकोला, वाशीम, बुलडाणा आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३ हजार ७५० कोटी रुपयांची मदत योजना जाहीर केली. दौऱ्याच्या दिवशी कॅमेऱ्यांची रांग होती. दौरा संपला आणि रांगही संपली.

खरी बातमी त्यानंतर सुरू होत होती. थकीत कर्जावरील व्याज माफ झाले, पण मुद्दल तसेच राहिले. सिंचनासाठी मोठी रक्कम ठेवली गेली. पण रखडलेल्या धरणांचे पाणी काही पुढल्या खरिपात शेतात येणार नव्हते. जोडधंदा म्हणून शेतकऱ्यांना दुभत्या गायी देण्यात आल्या. ज्या घरात माणसांच्या पाण्याची आणि जनावरांच्या वैरणीची ओढाताण, त्या घरात जास्त दूध देणारी आणि तेवढेच खाणारी गाय आली. अनेकांना ती विकून टाकावी लागली. हे सारे समजायला बातमीदाराला एका गावात पेरणीपासून वेचणीपर्यंत चारदा जावे लागले असते. खड्ड्यातल्या मुलासाठी ५० तास पुरतात. खड्ड्यात गेलेल्या शेतीसाठी एक अख्खे वर्षही कमी पडते.

लोहाऱ्याचे कापड

यवतमाळ शहराला लागूनच लोहारा आहे. जिल्ह्याबाहेरच्या वाचकाला हे नाव ठाऊक असण्याचे फारसे कारण नाही. पण लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत विणलेले कापड त्याच्या अंगावर असण्याची शक्यता मात्र आहे. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून येथे रेमंडचा डेनिमचा कारखाना उभा आहे. पुढे २००६ मध्ये बेल्जियमच्या युको कंपनीशी भागीदारी झाली आणि कारखान्याच्या नावात ‘युको’ही आले. येथील निळे कापड मोठमोठ्या नाममुद्रांच्या जीन्ससाठी देशात आणि परदेशात जाते. कापसासाठीच टाकलेल्या यवतमाळ-मूर्तिजापूर या ‘शकुंतला’ रेल्वेच्या अरुंद रुळांवरून एकेकाळी येथल्या गाठी मुंबईकडे जात. आता सूत आणि कापड जिल्ह्याच्या उंबरठ्यावरच तयार होऊन बाहेर पडते.

म्हणजे कापसाच्या प्रवासाचे पहिले टोक यवतमाळच्या काळ्या मातीत आहे, मधला टप्पा लोहाऱ्याच्या मागावर आहे आणि शेवटचे टोक महानगरातील दुकानाच्या झगझगीत काचेमागे. दूरचित्रवाणीचा कॅमेरा यांपैकी कोठे उभा राहतो, याचे उत्तर पी. साईनाथ यांनी २००६ मध्येच दिले होते. त्या वर्षी मुंबईतील लॅक्मे फॅशन वीकसाठी ५१२ पत्रकारांना प्रवेशपत्रे मिळाली होती. त्या सोहळ्यात कापसाची वस्त्रे मिरवली जात होती. त्याच वेळी तो कापूस पिकवणारे शेतकरी मुंबईहून विमानाने तासाभराच्या अंतरावर, विदर्भात, जीव देत होते आणि प्रदेशाबाहेरून येऊन ते वृत्त सातत्याने देणाऱ्या राष्ट्रीय माध्यमांच्या पत्रकारांची संख्या एका हाताच्या बोटांपलीकडे फारशी जात नव्हती. दीपा भाटिया यांच्या ‘नीरोज गेस्ट्स’ या २००९ च्या माहितीपटाने ही विसंगती पुढे जगभर नेली.

फॅशन वीकला जाणाऱ्या पत्रकारांना दोष देणे सोपे आहे, पण त्याने काही उलगडत नाही. सोहळ्याला तारीख असते, प्रकाशयोजना असते, पाहुण्यांची यादी असते आणि प्रायोजकही असतात. कपाशीला यातले काहीच नसते. तिचे पंचांग वेगळे. मृगात बियाणे घ्यायचे, त्यासाठी कर्ज काढायचे. पावसाने दडी मारली तर दुबार पेरणीसाठी पुन्हा हात पसरायचे. श्रावण-भाद्रपदात फवारणी, दिवाळीच्या आगेमागे पहिली वेचणी, आणि भाव चढेल म्हणून कापूस घरात ठेवण्याची ऐपत नसल्याने तो मिळेल त्या भावाने घालायचा. मार्चअखेर बँकेची नोटीस येते आणि बँकेने दार लावलेले असेल तर सावकार दारात येतो. जे घडते ते या साऱ्या तिथींच्या बेरजेतून घडते. कॅमेरा येतो तो शेवटच्या तिथीला.

आकडे, तारखा आणि एक नाव

आंदोलकांनी ही गरज फार लवकर ओळखली. विदर्भ जनआंदोलन समितीचे किशोर तिवारी आत्महत्यांची मोजदाद ठेवून ती वृत्तपत्रांच्या आणि वाहिन्यांच्या कचेऱ्यांत नियमाने पाठवीत. संथपणे घडणाऱ्या अरिष्टाला त्यांनी रोज बदलणारा आकडा दिला आणि तो आकडा पडद्याच्या तळाशी धावणाऱ्या पट्टीत बसू शकला. त्याचा उपयोग निश्चित झाला. दिल्लीला यवतमाळ माहीत झाले. पण आकड्यालाही स्वतःची भूक असते. कालच्यापेक्षा आज तो मोठा नसेल, तर त्याची बातमी होत नाही.

चिलगव्हाणची कथा याच जातीची आहे. महागाव तालुक्यातील या गावचे साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी सहकुटुंब जीवन संपवले. महाराष्ट्रात नोंदली गेलेली पहिली शेतकरी आत्महत्या म्हणून तिचा उल्लेख होतो. तेव्हा खासगी वाहिनी नव्हती. होते ते दूरदर्शन. ही घटना सार्वजनिक स्मरणात रुजायला अनेक वर्षे जावी लागली. अमर हबीब यांच्या पुढाकाराने किसानपुत्र आंदोलनाने २०१७ पासून १९ मार्चला अन्नत्यागाची प्रथा सुरू केली, तेव्हा त्या दुःखाला वर्षातील एक तारीख मिळाली आणि तारखेसोबत थोडी दखलही.

आकडा आणि तारीख यांच्या जोडीला दूरचित्रवाणीला चेहराही लागतो. तो चेहरा यवतमाळने २००८ मध्ये दिला. २२ जुलै २००८ रोजी लोकसभेत विश्वासदर्शक ठरावावर बोलताना राहुल गांधी यांनी यवतमाळ जिल्ह्यात भेटलेल्या दोन स्त्रियांचा उल्लेख केला. एक भूमिहीन मजूर शशिकला आणि दुसरी मारेगाव तालुक्यातील जळका येथील शेतकऱ्याची विधवा कलावती बांदूरकर. सभागृहात हशा उसळला, आणि त्या हशाने कलावती हे नाव दुसऱ्या दिवशी देशभर पोहोचले. ओबी व्हॅन जळक्याच्या रस्त्याला लागल्या. कलावतींना मदतही मिळाली आणि त्याबद्दल समाधानच व्यक्त करायला हवे.

पण त्याच भाषणातील शशिकला आज किती जणांना आठवतात? दोघींचे प्रश्न संसदेत एकाच दमात मांडले गेले होते. किंबहुना भूमिहीन मजुराचा प्रश्न अधिक बिकट. कर्जमाफी आली तरी तिला काही मिळत नाही, कारण तिच्या नावावर सातबाराच नसतो. दूरचित्रवाणीला मात्र एका वेळी एकच नायिका पेलते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये अविश्वास ठरावावरील चर्चेत अमित शहा यांनी कलावतींचा विषय पुन्हा काढला, तेव्हा १५ वर्षांनी कॅमेरे पुन्हा त्याच अंगणात उभे राहिले. आपल्याला मदत कोणी केली, हे कलावतींनी त्यांच्या परीने स्पष्टपणे सांगितले. वाद रंगला तो या नेत्याने दिले की त्या नेत्याने, एवढ्यापुरताच. १५ वर्षांत जळक्याच्या शिवारात कपाशीचा उत्पादनखर्च आणि हमीभाव यांचे गणित कोठून कोठे गेले, हा प्रश्न कोणत्याही बाजूला सोयीचा नव्हता.

पक्ष बदलले तरी रीत बदलली नाही. २० मार्च २०१४ रोजी नरेंद्र मोदी यांची ‘चाय पे चर्चा’ आर्णी तालुक्यातील दाभडीत झाली, तेव्हाही गावाच्या वाट्याला एक देखणी थेट प्रक्षेपणाची संध्याकाळ आली. नेता आला की गाव दिसते, नेता गेला की गाव विझते. यात नेत्यांपेक्षा कॅमेऱ्याच्या चालीचा भाग मोठा आहे.

मोजणीत नसलेली गावे

ही चाल कोठून येते, ते समजण्यासाठी स्टुडिओतून बाहेर पडून हिशेबाच्या वहीकडे जायला हवे. मिर्झांच्या चित्रपटात वाहिन्यांचे मालक लोभी आणि विदूषकी दाखवले आहेत. प्रत्यक्षातील व्यवस्था त्याहून रुक्ष आहे. खासगी वृत्तवाहिनीचे उत्पन्न प्रामुख्याने जाहिरातींतून येते आणि जाहिरातीचा दर ठरतो टीआरपीवर. २००० च्या दशकात ही मोजणी ‘टॅम’ करीत असे. तिची यंत्रे देशभरात काही हजार घरांत होती आणि तीही मुख्यतः एक लाखाहून अधिक वस्तीच्या शहरांत. २०१० मध्ये नेमलेल्या अमित मित्रा समितीने यंत्रांची संख्या सुमारे ८ हजारांवरून ३० हजारांवर नेण्याची आणि ग्रामीण भाग मोजणीत आणण्याची शिफारस केली. ग्रामीण प्रेक्षकांची आकडेवारी प्रत्यक्षात आली ती ‘बार्क’ या नव्या संस्थेमार्फत, २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये.

याचा अर्थ यवतमाळच्या मातीतून सांगायचा तर असा : २००१ च्या जनगणनेत यवतमाळ शहराची वस्ती लाखाच्या थोडी वर होती, त्यामुळे ते या कक्षेच्या काठावर तरी येत होते. लोहाऱ्यावरून पुढे खेड्यापाड्यांकडे निघालेल्या माणसासाठी मात्र काही मैलांतच ही कक्षा संपत असे. जळका, दाभडी, चिलगव्हाण यांची घरे त्या हिशेबात नव्हतीच. शेतकऱ्यांच्या मरणाची चर्चा ज्या वर्षांत शिगेला होती, त्या वर्षांत शेतकरी स्वतः काय पाहतो याची किंमत जाहिरातदाराच्या लेखी शून्य होती. त्याचे दुःख पाहणारा शहरी प्रेक्षक मोजला जात होता. तो स्वतः नव्हे. शहरी प्रेक्षकाला दुःखाचा हप्ता किती मिनिटे सोसवतो, यावर बातमीची लांबी ठरत होती.

ग्रामीण घरे मोजणीत येताच काय झाले, हेही पाहण्याजोगे आहे. विनाशुल्क दिसणाऱ्या मनोरंजन वाहिन्या एकाएकी क्रमवारीत वर चढल्या आणि मोठ्या कंपन्यांनी अशा वाहिन्यांकडे नव्या नजरेने पाहायला सुरुवात केली. बाजाराला ग्रामीण प्रेक्षक दिसला. पण तो साबण आणि मालिका घेणारा ग्राहक म्हणून दिसला. तालुक्याच्या ठिकाणी पूर्णवेळ बातमीदार नेमावा एवढे मोल त्याला अजूनही आलेले नाही. २००० च्या दशकात वृत्तवाहिन्यांच्या खर्चाचा मोठा वाटा केबलवर जागा मिळवण्यासाठी जात असे. बातमी गोळा करण्यासाठी उरे ते थोडे. त्या थोड्यातले सर्वांत कमी जिल्ह्याला मिळे. जिल्ह्याचे काम प्रायः नगावर मोबदला घेणाऱ्या स्ट्रिंगरवर चाले आणि आजही बव्हंशी तसेच चालते. ज्याला दर बातमीमागे पैसे मिळतात, तो चारदा एकाच गावात कशासाठी जाईल?

या मोजणीची विश्वासार्हता किती नाजूक आहे, हे ऑक्टोबर २०२० मध्ये टीआरपीतील कथित गैरव्यवहाराच्या आरोपांनंतर दिसले. ‘बार्क’ने वृत्तवाहिन्यांची साप्ताहिक क्रमवारी थांबवली आणि ती पुन्हा सुरू झाली मार्च २०२२ मध्ये. जवळपास दीड वर्ष वाहिन्यांना क्रमांकाचा धाक नव्हता. तरीही पडद्यावरील आरडाओरडा काही ओसरला नाही. इतक्या वर्षांत ती सवयच होऊन गेली होती.

विनोदाचे दुसरे टोक

मिर्झांच्या चित्रपटानंतर दहा वर्षांनी, १३ ऑगस्ट २०१० रोजी, अनुषा रिझवी यांचा ‘पीपली लाइव्ह’ आला. तेथेही मरणाची घोषणा, तेथेही ओबी व्हॅनची जत्रा. पण या वेळी नायक-नायिकेचे हृदयपरिवर्तन नव्हते आणि जमाव कुणाला वाचवीत नव्हता. जत्रा उठते आणि गावात उडालेली धूळ खाली बसते, एवढाच शेवट. शहरांतील समीक्षकांनी त्याला डोक्यावर घेतले. विदर्भात मात्र शेतकऱ्याच्या मरणाची थट्टा होत असल्याचा आक्षेप घेऊन विदर्भ जनआंदोलन समितीने त्यावर बंदीची मागणी केली. बंदीची मागणी समर्थनीय नव्हती. तिच्यामागची वेदना मात्र समजून घेण्यासारखी होती. पैशांसाठी आत्महत्या करू पाहणारा शेतकरी हे कथेतील व्यंगचित्र, आणि सरकारी मदतीसाठी ‘पात्र’ ठरण्याकरिता कागद गोळा करणारी विधवा हे यवतमाळचे वास्तव. या दोहोंतील अंतर शहरातल्या प्रेक्षकाला दिसणार नाही, अशी ती भीती होती.

कारण ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ हेच यवतमाळच्या बातमीचे खरे शब्द आहेत. शासनाच्या नियमाप्रमाणे आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या वारसांना एक लाख रुपयांची मदत मिळते. पण जमीन कुणाच्या नावावर, कर्ज कोणाचे, थकबाकी कधीची, हे तपासून जिल्हास्तरीय समिती प्रकरण पात्र की अपात्र ते ठरवते. सावकाराचे कर्ज कागदावर नसते, बटाईने कसलेली जमीन कागदावर नसते, आणि बाईच्या नावावर तर बहुधा काहीच नसते. समितीच्या बैठकीला ना घड्याळ आहे ना नाट्य. ती कोणी थेट दाखवीत नाही.

२००८ च्या कर्जमाफीतही हेच झाले. अर्थसंकल्पाच्या दिवशी ६० हजार कोटींचा आकडा दिवसभर पडद्यावर झळकला. संपूर्ण माफी दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यालाच आहे, ही अट मात्र कोपऱ्यात राहिली. विदर्भात कोरडवाहू जमिनीची धारणा तुलनेने मोठी. पाच एकरांहून थोडी जास्त, पण पाण्याविना पडलेली जमीन असलेला यवतमाळचा शेतकरी त्या रेषेच्या बाहेर पडला. त्याला मिळणारी सवलत उरलेले कर्ज भरल्यानंतरची होती. २०१७ मध्ये फवारणीतून विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. रुग्ण पावसाळ्यापासूनच रुग्णालयात येत होते. राज्यभर चर्चा सुरू झाली ती मृतांचा आकडा वाढल्यावर.

हृदयपरिवर्तन पुरत नाही

दूरचित्रवाणीने काहीच चांगले केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. कॅमेरे आले नसते तर २००६ चा दौरा आणि योजना झाली असती का, ही शंकाच आहे. विषबाधेच्या प्रकरणात विशेष तपास पथक नेमले गेले, त्यामागे माध्यमांच्या दडपणाचा वाटा होता. वाहिन्यांत संवेदनशील बातमीदार तेव्हाही होते, आजही आहेत. मुद्दा त्यांच्या चांगुलपणाचा नाही. चांगल्या माणसालाही घड्याळ लावलेल्या यंत्रात बसवले, तर तो घड्याळाप्रमाणेच चालतो. मिर्झांचे प्रेमिक हे यंत्र एका रात्रीसाठी बंद पाडू शकले, कारण चित्रपट तेथे संपणार होता.

म्हणून उपाय हृदयापेक्षा व्यवस्थेत शोधावे लागतात. वृत्तवाहिन्यांनी २००८ मध्ये स्वनियमनाची यंत्रणा उभारली आणि न्या. जे. एस. वर्मा तिचे पहिले अध्यक्ष झाले. तिचे लक्ष मुख्यतः जे दाखवले गेले त्यातील दोषांवर असते. जे कधी दाखवलेच गेले नाही, त्याची तक्रार तेथे कोण करणार? आत्महत्यांचे वृत्तांकन कसे करावे, याची मार्गदर्शक तत्त्वे प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये स्वीकारली; पण कौन्सिलचा अधिकार मुद्रित माध्यमांपुरता. शोकाकुल घरात बूम घेऊन शिरू नये, मृताचे तपशील चघळू नयेत, हा संयम वाहिन्यांसाठीही तितकाच बंधनकारक असायला हवा.

सार्वजनिक प्रसारकाची जबाबदारी याहून मोठी आहे. मुंबई दूरदर्शनचा ‘आमची माती, आमची माणसं’ हा कार्यक्रम वर्षानुवर्षे शेतीच्या पंचांगाने चालला. त्याच्या शहरी थट्टा पुष्कळ झाल्या. पण कोणत्या पंधरवड्यात काय करायचे, हे तो सांगत असे, आणि त्याला टीआरपीचा धाक नव्हता. २६ मे २०१५ रोजी केंद्र सरकारने ‘डीडी किसान’ ही स्वतंत्र वाहिनी सुरू केली. तिने सल्ल्यापलीकडे जाऊन शेतीची चिकित्सक पत्रकारिता केली, योजनांचा वर्षभर पाठपुरावा केला, तर सरकारी पैशाचे चीज होईल. सरकारच्याच पैशाने सरकारला प्रश्न विचारण्याची मोकळीक मिळणे, हीच त्यातील अडचण आहे.

तिसरी गोष्ट जुनी आणि साधी आहे : गावात राहणारा वार्ताहर. यवतमाळला पत्रकारितेची परंपरा परकी नाही. आज राज्यभर पसरलेल्या ‘लोकमत’ची जवाहरलाल दर्डा यांनी साप्ताहिक म्हणून उभारणी केली ती येथूनच. जिल्ह्याच्या पानावर छापून येणारी बियाण्यांच्या तुटवड्याची, खरेदी केंद्र बंद पडल्याची, पीककर्जाचे उद्दिष्ट अपुरे राहिल्याची तीन ओळींची बातमी कोणाला गदागदा हलवीत नाही. पण अरिष्टाची पूर्वसूचना तीच देते. आज स्वस्त इंटरनेटमुळे तालुक्या-तालुक्यांत यूट्यूब वाहिन्या निघाल्या आहेत. त्यांना ओबी व्हॅन लागत नाही आणि परत जायचे नसते, ही त्यांची मोठी जमेची बाजू. मात्र टीआरपीच्या जागी ‘व्ह्यूज’ आले आणि घड्याळ तेच राहिले, तर कॅमेरा गावचा असूनही नजर शहरचीच राहील.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात शेतीक्षेत्रातील ११ हजार २९० जणांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी ४ हजार २४८ महाराष्ट्रातील होत्या. दिवसाला सरासरी अकराहून अधिक. हे आकडे जाहीर होतात त्या दिवशी त्यांची बातमी होते आणि दुसऱ्या दिवशी पडदा पुढे सरकतो. ‘फिर भी दिल है हिंदुस्तानी’मध्ये लोक फाशीच्या जागी वेळेवर पोहोचतात, कारण वेळ आणि जागा दोन्ही त्यांना वाहिनीनेच सांगितलेली असते. यवतमाळच्या शिवारात अशी वेळ कोणी जाहीर करीत नाही. ती पीककर्जाच्या नाकारलेल्या अर्जात, दुबार पेरणीच्या उधारीत आणि पडलेल्या भावात महिनोन् महिने आधी लिहिली जात असते. ते वाचू शकणारा बातमीदार मृग नक्षत्रातच गावात असायला हवा, आणि त्याने तेथून पाठवलेली बातमी जूनमध्येच पडद्यावर यायला हवी.